झाडामागचा पेटीवाला

सिनेमात एक मुलगी डोंगरावर एकटीच उभी असते. भोवती गवत, वर ढग, लांबवर दोन शेळ्या. माणूस म्हणाल तर औषधालाही नाही. तिला एकदम आनंद होतो आणि ती गायला लागते. इथपर्यंत ठीक आहे. आंघोळ करताना आपणही गातोच की! पण तिची पहिली ओळ संपते न संपते, तोच वीस व्हायोलिनं, दोन तबले, एक बासरी आणि कसली कसली घुंगरं वाजायला लागतात. अहो, ही मंडळी आली कुठून? शेळ्यांनी वाजवलं की काय?

घरात हा प्रश्न विचारून बघा. "गप बस, गाणं ऐकू दे!" असं उत्तर येईल. पण प्रश्न अगदी रास्त आहे. खऱ्या आयुष्यात कुणी असं मध्येच गायला लागत नाही, मग सिनेमात लागतं तेव्हा आपल्याला हसू का येत नाही? उलट घशात आवंढा का येतो? या प्रश्नाचा माग काढत आपण कोल्हापूरला जाऊ. रंकाळ्यावरची भेळ नंतर. आधी वाजवणारे शोधायचे.

पडदा मुका, थिएटर बोलकं

शंभरेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री नावाचे कलाकार होते. नाटकाचे पडदे ते असे झकास रंगवायचे की लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणू लागले. पुढे त्यांना सिनेमाचं वेड लागलं. सिनेमा करायचा तर कॅमेरा हवा. तो त्यांनी चक्क कोल्हापुरातच बनवला! मग त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट आणला.

तेव्हाचे सिनेमे मुके होते. पात्रांचे ओठ हलायचे, आवाज मात्र नाही. मध्येच एक पाटी यायची, ती वाचून काय चाललंय ते समजून घ्यायचं. पण थिएटरात शांतता असायची असं समजू नका. पडद्याजवळ पेटीवाला आणि तबलजी बसलेले असायचे. वर बघायचे आणि वाजवायचे. मारामारी आली की तबला सुसाट, रडारड आली की पेटीवर एखादा लांबलचक सूर.

आता गंमत बघा. चित्रपट एकच, पण कोल्हापुरातला पेटीवाला वेगळा आणि सांगलीतला वेगळा. म्हणजे तेच दृश्य एका गावात गंभीर वाटणार आणि दुसऱ्या गावात जरा गमतीचं. चित्रात तर काहीच बदललेलं नाही! बदललं ते कानावर पडणारं. डोळ्यांना काय दिसतंय याचा अर्थ कान ठरवतात, हे सिनेमावाल्यांना त्या मुक्या काळातच कळलं होतं.

तर वाजवणाऱ्यांचा पहिला पत्ता मिळाला: पडद्याच्या समोर, प्रेक्षकांच्या पुढ्यात.

हळूच बसा, शिंकू नका

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला आणि भारतातला सिनेमा बोलायला लागला. नुसता बोलायला नाही, गायलाही. त्यात सात गाणी होती. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, तिचा खडखडाट नको म्हणून त्याचं चित्रीकरण रात्री करावं लागलं होतं.

इकडे कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली होती. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. यांतले बरेच जण बाबूराव पेंटरांच्या हाताखाली शिकून तयार झालेले. या प्रभातनं १९३२ च्या फेब्रुवारीत 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आणला. मराठीतला पहिला बोलपट, आणि तो तयार झाला कोल्हापुरात!

गोष्ट राजा हरिश्चंद्राची. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावात जन्मलेले टेंबे पेटी वाजवण्यात एवढे पटाईत होते की त्यांची पेटी ऐकायला लोक गर्दी करायचे. त्यांनीच चित्रपटाचं संगीतही दिलं. म्हणजे राजाही तेच आणि गाण्यांच्या चाली लावणारेही तेच. तारामतीचं काम दुर्गा खोटे यांनी केलं. आवाजाची सगळी व्यवस्था दामल्यांकडे.

त्या काळी गाणं आधी रेकॉर्ड करून ठेवायची सोय नव्हती. नटानं कॅमेऱ्यासमोर उभं राहून अभिनय करायचा आणि त्याच वेळी गायचंही. साथीला पेटी, तबला, सारंगी हवीच. पण साथीदार चित्रात दिसता कामा नयेत, आणि मायक्रोफोनपासून लांबही जाता कामा नयेत. मग करायचं काय? त्यांना लपवायचं! एखाद्या खांबाआड, सेटच्या भिंतीमागे, नाही तर झुडपाच्या मागे. पहिल्या बोलपटांच्या काळात ही युक्ती सगळीकडे चालायची. नायिका बागेत गातेय आणि पाठीमागच्या झाडाआड पेटीवाला घाम पुसत भाता मारतोय! मध्येच कुणी शिंकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आपल्या कोड्याला दुसरं उत्तर मिळालं: वाजवणारे खरंच तिथे असायचे, झाडामागे.

उजेडात लिहिलेला आवाज

पण आवाज फितीवर चढायचा कसा? इथे विज्ञानाची खरी कमाल आहे.

गायिकेनं सूर लावला की हवा थरथरते. ही थरथर मायक्रोफोनच्या पातळ पडद्याला हलवते आणि तिथून विजेचा कमी-जास्त होणारा प्रवाह निघतो. हा प्रवाह एका दिव्याचा उजेड कमी-जास्त करतो आणि तो उजेड फितीच्या कडेला एक चिंचोळा पट्टा उमटवतो. चित्राच्या शेजारी नागमोडी किंवा काळ्या-करड्या रेघांचा हा पट्टा म्हणजेच गाणं. थिएटरात याच्या उलट होतं. दिव्याचा उजेड पट्ट्यातून जातो, पलीकडच्या प्रकाशघटावर कमी-जास्त पडतो, त्यातून पुन्हा विजेचा प्रवाह तयार होतो आणि लाउडस्पीकर गायला लागतो. आवाजाचा उजेड झाला आणि उजेडाचा परत आवाज!

थोडं गणित करू. बोलपटाच्या फितीत दर सेकंदाला २४ चित्रं पुढे सरकतात. एका चित्राची उंची साधारण १९ मिलिमीटर. म्हणजे एका सेकंदात सुमारे ४५ सेंटिमीटर फीत पळते. तीन मिनिटांचं गाणं असेल तर झाली ८२ मीटर! गायिकेचा सूर सेकंदाला २४० कंपनांचा असेल, तर फितीवर त्याची प्रत्येक लाट दोन मिलिमीटरहूनही जरा कमी जागेत बसते. ती वरच्या सप्तकात गेली की कंपनं दुप्पट होतात आणि लाट एक मिलिमीटरच्या आत येते. भिंग घेऊन बसलात तर गाणं डोळ्यांनी बघता येईल.

मुक्या सिनेमाच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचे. हात थोडा भरभर चालला तर माणसं थोडी भरभर चालायची, कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण फितीवर आवाज आला आणि वेग पक्का ठेवणं भाग पडलं. फीत हळू झाली तर गोड गळ्याची गायिका घोगऱ्या आजोबांच्या आवाजात गाईल ना!

अजून एक चमत्कार आहे. प्रोजेक्टरमध्ये चित्राची फीत सरळ धावत नाही. ती थांबते, सरकते, थांबते, सरकते, असं सेकंदाला २४ वेळा. आवाजाला असे धक्के अजिबात चालत नाहीत, त्याला सरळ, एकसारखी धाव हवी. म्हणून चित्र वाचायची जागा वेगळी आणि आवाज वाचायची जागा वेगळी केली. फितीवर आवाज आपल्या चित्राच्या वीसेक चौकटी पुढेच छापलेला असतो. थोडक्यात, सिनेमात चित्र तुटत तुटत चालतं आणि आवाज अखंड वाहतो. हे लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

वन्समोर नाही!

बोलपट येण्याआधी आपल्याकडे संगीत नाटकांचा जमाना होता. कोल्हापूरचे केशवराव भोसले हे त्यातले मोठे गायक नट. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचंच नाव देण्यात आलं. २०२४ साली आग लागून या वास्तूचं फार नुकसान झालं, तेव्हा अख्खं कोल्हापूर हळहळलं.

संगीत नाटकात पद आवडलं की प्रेक्षक ओरडायचे, "वन्समोर!" नट पुन्हा गायचा. पुन्हा वन्समोर, पुन्हा गाणं. राजा लढाईला निघालेला असला तरी चालेल, लढाई थांबेल. पहाट झाली तरी नाटक चालूच.

सिनेमाला हे कसं जमणार? फीत एकदा पळायला लागली की पळाली. सुरुवातीला हे ध्यानात न घेता निर्मात्यांनी चित्रपटांत गाणी कोंबली. १९३२ च्या 'इंद्रसभा' या हिंदी चित्रपटात सत्तरच्या आसपास गाणी होती! त्यातच ग्रामोफोनची तबकडी आली. तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे गाणीही तेवढीच होऊ लागली.

तीन मिनिटं म्हणजे फारच थोडा वेळ. तेवढ्यात नुसता गोड गळा दाखवून भागत नाही, गोष्टही पुढे सरकायला हवी. मग हुशार दिग्दर्शकांनी आणि संगीतकारांनी शोध सुरू केला. जे बोलून सांगता येत नाही, ते गाण्यानं कसं सांगायचं?

अभंग एक, माणसं दोन

प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. तिथे दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' केला. संगीत केशवराव भोळे यांचं. तुकाराम झाले होते विष्णुपंत पागनीस.

या चित्रपटात सालोमालो नावाचं एक लबाड पात्र आहे. तो तुकोबांचे अभंग चोरतो आणि आपले म्हणून गातो. आता प्रेक्षकांना कसं सांगायचं की हा खोटा आणि तो खरा? एखाद्या पात्रानं पुढे येऊन "सालोमालो ढोंगी आहे हो!" म्हणायचं? छे! चित्रपटात तोच अभंग दोघांच्या तोंडी आहे. तुकोबा डोळे मिटून, साध्या चालीत, जणू विठोबाशी एकट्यानं बोलावं तसं गातात. सालोमालो मात्र हातवारे करत, ताना मारत, "माझ्याकडे बघा!" अशा थाटात. शब्द अगदी तेच. पण पहिल्या काही मिनिटांत लहान मुलालाही कळतं की कोण देवासाठी गातोय आणि कोण लोकांसाठी.

आता या गोष्टीला ८१ वर्षं पुढे न्या. २०१७ साली आलेला 'कोको' हा अॅनिमेशनपट तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिला असेल. त्यातलं 'मला विसरू नकोस' अशा अर्थाचं गाणं आठवतंय? आधी ते एक बडा गायक स्टेजवर झगमगाटात गातो. पुढे कळतं की ते त्यानं चोरलेलं आहे. खरं गाणं एका बापानं आपल्या छोट्या मुलीसाठी केलेलं होतं, आणि तो ते गिटारवर हळू, अंगाईसारखं गातो. तेव्हा आपण रडतो! शब्द तर तेच होते. एक चित्रपट पुण्याचा, दुसरा अमेरिकेचा, पण युक्ती एकच: गाणं काय म्हणतंय हे शब्द सांगतात आणि गाणारा खरं बोलतोय की खोटं, हे त्याची गायची तऱ्हा सांगते. साध्या बोलण्यात माणूस सहज थाप मारून जातो. सुरात ती पकडली जाते.

'संत तुकाराम'ची आणखी एक गंमत सांगतो. त्यातला एक अभंग तुकोबांचा नाहीच, तो शांताराम आठवले या गीतकारानं लिहिला आहे. पण तो तुकोबांच्या तोंडी इतका शोभला की लोकांना तो खराच वाटला आणि कित्येकांनी तो गाथेत शोधला. गाणं पात्राला असं फिट्ट बसावं!

सगळी वाद्यं घरी पाठवली

पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, शांतारामांनी एक अजब प्रयोग केला. चित्रपटाचं नाव 'कुंकू'. नीरा नावाच्या तरुण मुलीचं फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून देतात आणि ती ते मानायला ठाम नकार देते, अशी ती गोष्ट. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही! म्हणजे कुठूनतरी आपोआप वाजणारी व्हायोलिनं नाहीत. जो आवाज ऐकू येतो, तो त्या घरातला किंवा रस्त्यावरचाच. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, भांड्याचा आवाज, ग्रामोफोन.

नीराचं काम शांता आपटे यांनी केलं. त्या स्वतः गायच्या. त्यांच्या एका गाण्याचे शब्द तर लाँगफेलो या अमेरिकन कवीचे आहेत, इंग्रजीत! मराठी घरात अडकलेली मुलगी ग्रामोफोनच्या साथीनं लढण्याच्या जिद्दीची कविता गाते. आजूबाजूचं सगळं घर गप्प असताना तिनं आवाज काढणं हीच तिची लढाई आहे. व्हायोलिनं सतत वाजत राहिली असती, तर तिचं गाणं एवढं धारदार वाटलं नसतं. गाणं मोठं करायचं असेल तर त्याच्या आजूबाजूची शांतताही जपावी लागते.

गाणारी एक, दिसणारी दुसरी

तोपर्यंत झाडामागच्या पेटीवाल्याची सुटका झालेली होती. १९३५ च्या सुमारास कोलकात्याच्या न्यू थिएटर्स कंपनीत नितीन बोस आणि संगीतकार रायचंद बोराल यांनी पार्श्वगायनाची पद्धत रूढ केली. गाणं आधी शांतपणे खोलीत बसून रेकॉर्ड करायचं. मग चित्रीकरणाच्या वेळी ते लाउडस्पीकरवर वाजवायचं आणि नटानं नुसते ओठ हलवायचे.

त्यामुळे केवढं बदललं बघा. नटाला आता गाता गाता पळता येऊ लागलं, घोड्यावर बसता येऊ लागलं, हुंदके देता येऊ लागले. कॅमेरा मायक्रोफोनच्या दावणीतून सुटला. आणि गोड गळ्याच्या माणसाला पडद्यावर दिसायची गरज उरली नाही.

अशीच एक गोड गळ्याची मुलगी कोल्हापुरात राहत होती. १९४२ साली तिचे वडील, मास्टर दीनानाथ, वारले. मास्टर विनायक या नट-दिग्दर्शकानं त्या कुटुंबाला आधार दिला. 'अयोध्येचा राजा'त नारद झाले होते, तेच हे मास्टर विनायक! त्यांच्या कोल्हापुरातल्या कंपनीच्या चित्रपटांत ती मुलगी छोटी-मोठी कामं करायची आणि गायची. कंपनी १९४५ मध्ये मुंबईला गेली, तशी तीही गेली. तिचं नाव लता मंगेशकर.

आता तिसरं उत्तर मिळालं: वाजवणारे दुसऱ्याच खोलीत, दुसऱ्याच दिवशी!

भट्टीपाशी गाणं

पण मुंबईला गेल्या म्हणून लताबाईंचं कोल्हापूर सुटलं नाही. भालजी पेंढारकर कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत चित्रपट काढायचे. त्यांच्या काही चित्रपटांना 'आनंदघन' नावाच्या संगीतकारानं चाली दिल्या होत्या. हा आनंदघन कोण, हे लोकांना ठाऊक नव्हतं. १९६५ साली आलेल्या 'साधी माणसं' या चित्रपटाला राज्य शासनाचा संगीताचा पुरस्कार मिळाला. समारंभात आनंदघन यांचं नाव पुकारलं गेलं, आणि पुरस्कार घ्यायला कोण पुढे आलं? लता मंगेशकर! टोपणनावामागे त्याच लपल्या होत्या.

'साधी माणसं' ही एका लोहार नवरा-बायकोची गोष्ट आहे. सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांनी ती कामं केली. त्यात भट्टीपाशी एक गाणं आहे. बायको काम करता करता ऐरणीलाच देव मानते आणि तिच्याकडे मागणं मागते. आता समजा, हे गाणं काढून टाकलं आणि त्या जागी संवाद लिहिला: "अहो, आपण गरीब आहोत, पण कष्टाळू आहोत. आपल्या कामावर आपली भक्ती आहे आणि आपलं एकमेकांवर प्रेमही आहे." कसं वाटलं? एखादा तरी फिदीफिदी हसणारच! पण तेच सगळं सुरात आलं की आपण मान डोलावतो.

आणि हे गाणं मध्येच उपटल्यासारखं वाटत नाही, कारण आपल्याकडे माणसं खरोखरच काम करताना गातात. जात्यावर दळताना आज्या-पणज्या ओव्या म्हणायच्या, मोटेवर गाणी व्हायची, वारकरी चालताना अभंग गातात. हाताच्या हालचालीला एक लय असते आणि श्वासालाही. त्या लयीवर शब्द चढवले की काम हलकं होतं. हुशार दिग्दर्शक गाण्यासाठी अशीच जागा शोधतो, जिथे माणूस तसाही गायलाच लागला असता. तमाशाची गोष्ट सांगणाऱ्या 'पिंजरा'त (१९७२) तर गाणी फडातच होतात. लावणीचा तिटकारा असलेला एक मास्तर हळूहळू त्याच फडात कसा ओढला जातो, ते राम कदमांच्या चालीतून आणि कोल्हापूरच्या जगदीश खेबुडकरांच्या शब्दांतून उलगडत जातं.

तीन मिनिटांत दहा वर्षं

चित्र तुटत चालतं आणि आवाज अखंड वाहतो, हे लक्षात ठेवायला सांगितलं होतं. आता ते बाहेर काढा.

गाणं सुरू होतं तेव्हा नायक शाळेत जाणारा पोरगा असतो. पहिलं कडवं संपतं, तो सायकल चालवतोय. दुसरं कडवं संपतं, त्याला मिशा फुटल्यात! हेच गाण्याशिवाय दाखवलं तर आपण म्हणू, "अरे, हा एकदम मोठा कसा झाला?" पण गाण्यात कुणाला खटकत नाही. का?

कारण आपला मेंदू ताल धरून बसलेला असतो. चार-सहा ठोके ऐकले की पुढचा ठोका कधी पडणार हे त्याला आधीच कळतं, आणि तो बरोबर पडला की तो खूश. चित्रं उन्हाळ्यातून पावसाळ्यात आणि खेड्यातून शहरात उड्या मारोत, ठोका चुकत नाही ना, मग सगळं एकच आहे असं वाटतं. गजऱ्यात फुलं निरनिराळी असली तरी दोरा एकच असतो, तसा हा ताल. म्हणून दहा वर्षांची गोष्ट तीन मिनिटांत मावते.

आणि ध्रुवपद! प्रत्येक कडव्यानंतर तेच शब्द परत येतात. पण मधल्या काळात गोष्ट पुढे गेलेली असते. पहिल्यांदा आई ते बाळाला झोपवताना म्हणते, शेवटी तेच बाळ मोठं होऊन म्हाताऱ्या आईजवळ बसून म्हणतं. एक अक्षर बदललेलं नाही, तरी अर्थ पार बदलला. मागचं सगळं पुन्हा दाखवावं लागत नाही, सूर ऐकताच कान ते आपोआप आठवून देतो.

अंगावर काटा का येतो?

कुस्ती बघायला कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कधी गेलात तर पैलवानांच्या बरोबरीनं हलगीवाल्याकडेही लक्ष ठेवा. डाव रंगात आला की हलगीची गती वाढते आणि बघणाऱ्यांच्या छातीतही धडधड सुरू होते. शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलंय की जलद संगीतात ऐकणाऱ्याचा श्वास आणि नाडी वाढते, संथ संगीतात खाली येते.

आपलं बोलणंही तसंच असतं. खुशीत असलो की भरभर आणि चढ्या आवाजात बोलतो. वाईट वाटलं की सावकाश, खालच्या पट्टीत. संगीतकार हेच उचलतात. म्हणून शब्द कळले नाहीत तरी परक्या भाषेतलं गाणं आनंदाचं की दुःखाचं, याचा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो.

आणि काटा? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये लोकांना त्यांचं आवडतं संगीत ऐकवून मेंदूची चित्रं घेतली. काटा आणणारी जागा आली की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटत होतं. चवदार खाणं खाताना जे सुटतं तेच! त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, ती जागा येण्याच्या थोडं आधीही ते सुटायला लागत होतं. म्हणजे 'आता येणार, आता येणार' ही वाट पाहण्यातही मजा आहे. गोष्टीत तर आपण सतत हेच करतो. पुढे काय होणार? गाण्यात ही वाट कान पाहतो, गोष्टीत मन पाहतं, आणि चांगल्या सिनेमात दोघांना एकाच क्षणी उत्तर मिळतं. तेव्हा आपण रुमाल शोधतो.

मग डोंगरावरची वीस व्हायोलिनं कुठे आहेत? हे चौथं उत्तर: त्या मुलीच्या मनात. तिला आत जे होतंय, ते आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून दिग्दर्शक ते ऐकवतो. गाणं चालू असताना गोष्ट थांबलेली नसते. ती फक्त बाहेरून आत गेलेली असते.

करून पाहा

१. एखाद्या चित्रपटातलं धावपळीचं दृश्य लावा आणि टीव्हीचा आवाज बंद करा. मोबाईलवर एखादी अंगाई लावा. मग तेच दृश्य पोवाड्याबरोबर बघा. दोन्ही वेळा तो माणूस का पळतोय असं वाटलं, ते लिहून ठेवा. मित्रालाही दाखवा, पण तुमचं उत्तर त्याला आधी सांगू नका.

२. 'आज बाबा लवकर घरी आले' हे वाक्य घ्या. ते आधी अंगाईच्या चालीत म्हणा, मग आरतीच्या, मग शाहिराच्या थाटात. ऐकणाऱ्याला विचारा, बाबा का आले असतील? तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतील.

३. स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा आणि बाहेर आलेलं टोक झंकारा. बाहेरचा भाग कमी करत जा. कंपनं वाढतील, सूर चढेल. फितीवरची लाट छोटी होत जाते ती अशी.

४. आजी-आजोबांना विचारा की कोणत्या सिनेमातलं गाणं ऐकून त्यांना रडू आलं होतं. मग ते गाणं नुसतं ऐकू नका, त्याच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची दहा मिनिटंही त्यांच्यासोबत बघा. गाण्याआधी आपल्याला काय माहीत नव्हतं आणि गाण्यानंतर काय कळलं, याची यादी करा. यादी कोरी राहिली तर समजा, ते गाणं नुसतं गोड होतं. यादी भरली तर ती चाल लावणाऱ्याचं नाव शोधा आणि त्याची आणखी चार गाणी ऐका.